एअर बेडचा खर्च आटोक्यात कसा आणायचा: रुग्णालयाची खरेदी किंवा स्टोअर नव्याने हाती आलेल्यांसाठी

खरेदी विभागात नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर येतं, "एअर बेडचं भाडं फार होतंय, चार कोटेशन मागवा, भाव पाडा." एअर बेड म्हणजे पंपाने हवा भरत राहणारी गादी; अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून ती घालतात. तुम्ही भाव पाडता, शंभराला पाच-दहा रुपये सुटतात, आणि महिन्याअखेर बिल पुन्हा तेवढंच येतं. कारण पैसा भावात गळत नाही, दिवसांत गळतो. पेशंट उठून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलेला असतो आणि त्याच्या रिकाम्या बेडवर पंप घरघरत असतो. भाड्याची गादी डिस्चार्जनंतर गुंडाळून वॉर्डाच्या बाथरूममागे पडलेली असते आणि तिचं मीटर चालूच असतं.

हा लेख ६० ते १५० खाटांच्या ट्रस्टच्या किंवा खासगी रुग्णालयाला समोर ठेवून लिहिला आहे. सरकारी रुग्णालयात खरेदी जेम (सरकारी ऑनलाइन खरेदी) पोर्टल आणि राज्याच्या खरेदी यंत्रणेतून होते, त्यामुळे पायरी ५ आणि ६ तिथे वेगळ्या पडतील. बाकीचं तसंच लागू होतं.

एक गोष्ट आधीच. इथे "बचत" म्हणजे गरजवंताच्या पाठीखालची गादी काढणं नव्हे. एका पेशंटला चौथ्या, म्हणजे सगळ्यात खोल टप्प्याचा बेडसोअर झाला तर ड्रेसिंग, प्रतिजैविकं, कदाचित फ्लॅपची शस्त्रक्रिया (शेजारची कातडी-मांस वळवून जखम झाकणं) आणि वाढलेला मुक्काम यांत वर्षभराचं भाडं धुऊन जातं. पेशंटचं काय होतं ते वेगळंच.

हाताशी काय लागेल

- स्टोअरचा डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि गेल्या १२ महिन्यांची भाड्याची बिलं, चलानांसह
- वॉर्डनिहाय बेड सेन्सस (भरलेल्या खाटांची मोजणी, रोज मध्यरात्रीची)
- नर्सिंगकडचे ब्रेडन स्कोअरचे (बेडसोअरचा धोका गुणांत मोजणारे, पायरी ३ पाहा) फॉर्म, भरले जात असतील तर
- सामान अडकवून वजन करायचा काटा, मोजपट्टी, टॉर्च, टिश्यू पेपर, पाण्याची बाटली
- पुसलं तरी न जाणारा मार्कर आणि प्लास्टिकचे टॅग
- आणि मेट्रन (नर्सिंगप्रमुख) किंवा इन्चार्ज सिस्टर यांची साथ. ही नसेल तर बाकी यादीचा काही उपयोग नाही.

१. आधी शिरगणती

रजिस्टरमध्ये १४ एअर मॅट्रेस असतील तर वॉर्डात फिरून १४ सापडतात का ते पाहा. बहुतेक ठिकाणी मोजणी जुळत नाही, आणि न जुळण्याची तऱ्हाही ठरलेली असते: गाद्या १४, पंप ९. पंप फूटबोर्डच्या हुकावर लटकवलेला असतो. बेड ढकलताना तो दाराला आपटतो, हुक तुटतो, पंप खाली पडतो आणि कुणाच्या तरी कपाटात जातो. मग "एअर बेड शिल्लक नाही" म्हणून भाड्याचा मागवला जातो, आणि पाच चांगल्या गाद्या पंपावाचून पडून राहतात.

म्हणून गादीला वेगळा क्रमांक द्या, पंपाला वेगळा. जोडी म्हणून एकच क्रमांक दिला की एक भाग बिघडताच दुसराही कागदावर मरतो. नोंदवहीत सात रकाने पुरतात: क्रमांक, प्रकार (बबल म्हणजे फुग्यांची, ट्युब्युलर म्हणजे सुट्या आडव्या नळ्यांची, की फोम), खरेदीचा महिना, आज कुठल्या बेडवर, चालू की बंद, काय बिघडलंय, शेवटची तपासणी.

बंद पंप फेकू नका. पंप घुमतोय पण हवा येत नाही, तर बहुधा आतला रबरी डायफ्राम (पडदा) फाटलेला असतो. अजिबात आवाज नाही, तर आधी फ्यूज पाहा. दोन्ही भाग स्वस्त आहेत आणि बायोमेडिकलचा माणूस अर्ध्या तासात बदलतो. एका ट्युब्युलर मॅट्रेसमधली एखादी नळी फुटली तर तेवढीच नळी बटण काढून बदलता येते. बबल मॅट्रेसला मात्र भोक पडलं की पॅच फार दिवस धरत नाही.

२. ३० दिवस, रोज एकाच वेळी मोजा

सकाळी ११ ही वेळ चांगली. राउंड संपत आलेला असतो, डिस्चार्ज व्हायचे असतात. प्रत्येक वॉर्डातून दोनच आकडे घ्या: किती बेडवर विशेष गादी (साध्या फोमऐवजी हवेची) आहे, आणि त्यांतल्या किती पेशंटना ती खरोखर लागते. दुसरा आकडा इन्चार्ज सिस्टरनेच सांगायचा, तुम्ही नाही. खरेदीवाल्याने वॉर्डात जाऊन "याला कशाला एअर बेड?" असं विचारलं की दुसऱ्या दिवसापासून खरी माहिती मिळणं बंद होतं.

महिन्याने तुमच्याकडे एक तक्ता असेल. समजा, गरज कधीच ४ च्या खाली गेली नाही, बहुतेक दिवस ६ ते ७ राहिली आणि दोन-तीन दिवस ११ वर गेली. या तीन आकड्यांवर पायरी ५ चा सगळा निर्णय उभा आहे. वापरातल्या गाद्या आणि गरजेच्या गाद्या यांतला फरक, तो तुमची गळती.

३. चढवायचा नियम आणि उतरवायचा नियम

इथे जरा थांबा. बाकी सगळ्या पायऱ्या मिळून जेवढे पैसे वाचवतील, तेवढे ही एकटी वाचवू शकते.

बहुतेक रुग्णालयांत विशेष गादी कशी येते? राउंडला डॉक्टर सवयीने "एअर बेड द्या" म्हणतात, किंवा नातेवाईक आग्रह धरतात, किंवा नाइटची सिस्टर खबरदारी म्हणून चढवते. तिघांचाही हेतू चांगला. पण काढायचं कोणी सांगत नाही, कारण काढून काही झालं तर बोट आपल्याकडे येईल ही भीती. म्हणून निर्णय माणसावर न ठेवता स्कोअरवर ठेवायचा.

ब्रेडन स्केल १९८० च्या दशकात बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी तयार केला. त्यात सहा बाबी पाहतात: संवेदना, त्वचेचा ओलावा, हालचाल किती (चालतो, खुर्चीत बसतो की अंथरुणालाच), स्वतः कूस बदलण्याची क्षमता, आहार, आणि घर्षण. पहिल्या पाचांना १ ते ४, शेवटच्याला १ ते ३ गुण. एकूण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त. १८ किंवा खाली म्हणजे धोका आहे. १३-१४ मध्यम, १० ते १२ जास्त, ९ किंवा खाली अतिशय जास्त.

त्यावरून घरचा नियम असा बसवता येतो:

१५ ते १८: चांगली फोम गादी (पायरी ४ पाहा), कूस बदलण्याचं वेळापत्रक, टाचा अधांतरी. एअर मॅट्रेस नाही.

१३-१४: चांगली फोम गादी. सोबत सतत ओलावा, खूप ताप, व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) किंवा आधीचा बेडसोअर असेल तर ट्युब्युलर एअर मॅट्रेस.

१२ किंवा खाली: ट्युब्युलर.

लो एअर लॉस (बारीक छिद्रांतून हवा सोडून त्वचा कोरडी ठेवणारी गादी) किंवा त्याहून महागडी भाड्याची प्रणाली: ट्युब्युलरवर असूनही जखम वाढतेय, किंवा जखमा पाठीवर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे झोपवायला कूसच उरली नाही, किंवा फ्लॅप झालेला आहे. इथे सल्लागार डॉक्टर आणि मेट्रन, दोघांची सही.

हे आकडे तुमच्या डॉक्टरांशी बसून ठरवा. ते एखादा गुण वर-खाली करतील, करू दे. कागदावर एक रेषा असणं महत्त्वाचं. दोन अपवाद मात्र आधीच लिहून ठेवा: मणक्याचं फ्रॅक्चर स्थिर नसेल तर हवा भरणारी-सोडणारी गादी ऑर्थोच्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्याची जखम असेल तर स्कोअर कितीही असो, गादी मिळणार.

आता उतरवायचं. प्रत्येक विशेष गादीच्या इंडेंटला (वॉर्डाच्या मागणीपत्राला) मुदत घाला: ७२ तास. मुदत संपली की पुन्हा स्कोअर, पुन्हा सही. सही नसेल तर स्टोअर सकाळी वॉर्डला फोन करेल. स्कोअर सलग दोन दिवस १५ च्या वर आणि पेशंट स्वतः कूस बदलतोय किंवा खुर्चीत बसतोय, तर गादी उतरवायची. स्टोअरने परस्पर गादी काढून न्यायची नाही, फक्त विचारायचं. बहुतेक वेळा विचारणंच पुरतं.

समजा, महागड्या प्रणालीचं भाडं दिवसाला १,५०० रुपये आहे आणि ती सरासरी १४ दिवस राहते. मुदतीच्या नियमाने ती ९ दिवसांवर आली तर एका पेशंटमागे ७,५०० रुपये वाचले. पुरवठादाराशी घासाघीस करून १,५०० चे १,४०० केले असते तर १४ दिवसांत वाचले असते १,४००.

अजून एक सापळा. एअर बेड चढवला की कूस बदलणं बंद होतं. "बेड आहे ना" असं वॉर्डातल्या मामा-मावशींनाही वाटतं. गादी कूस बदलत नाही. ती फक्त दोन वेळांमधला ताण कमी करते. ३० अंशांवर कलवून, मागे उशी लावून, वेळापत्रकाप्रमाणे कूस बदलायचीच. टाचांसाठी पोटरीखाली उशी देऊन टाच हवेत ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पाणी भरलेले हातमोजे आणि मधे भोक असलेली रबरी रिंग दोन्ही बंद करा. रिंगच्या कडेवर दाब येऊन मधला रक्तपुरवठाच अडतो.

४. वॉर्डातली साधी गादी

हा भाग सगळे वगळतात, म्हणून तपशिलात.

ब्रिटनमध्ये प्रेशर-२ नावाची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. धोक्यातल्या २,०२९ रुग्णांपैकी काहींना हवेची आलटून-पालटून दाब देणारी गादी दिली, काहींना उच्च दर्जाची फोम गादी. दुसऱ्या टप्प्याचा किंवा त्यापुढचा नवा बेडसोअर हवेच्या गादीवर ६.९ टक्के रुग्णांना झाला, फोमवर ८.९ टक्के. हवेची गादी नक्की सरस, असं त्यावरून ठामपणे म्हणता आलं नाही. ध्यानात घ्या, तुलना "उच्च दर्जाच्या" फोमशी होती. आपल्याकडे वॉर्डात असते ती सहा वर्षांची, मधे खोलगट झालेली, रेक्झिनच्या खोळीतली गादी. तिच्यावर झोपलेल्या प्रत्येकाला एअर बेड हवासा वाटणारच. खालची गादी सुधारा, वरची मागणी आपोआप उतरते.

तपासणी बेड रिकामा असताना करा, एकीला पाच मिनिटं पुरतात.

मूठ. चादर काढा. कमरेच्या जागी दोन्ही मुठी ठेवून शरीराचा भार टाका. बेडची पत्र्याची फळी हाताला लागली तर गादी संपली. लागली नाही पण हात काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तरी ती संपत आली आहे.

चेन. खोळीची चेन पूर्ण उघडा, टॉर्च मारा. फोमवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर खोळ गळते आहे. वरून कितीही पुसली तरी आतला फोम लघवी आणि रक्त पिऊन बसलेला असतो. अशी गादी त्याच दिवशी वापरातून काढा. नाकालाही कळतं, फक्त वाकायची तयारी हवी.

पाणी. डाग नाही पण शंका आहे, तर खोळीखाली टिश्यू पेपर ठेवा, वरून मुठीने खळगा करा, त्यात अर्धा कप पाणी ओता आणि मिनिटभर मुठीने दाबत राहा. टिश्यू ओला झाला की खोळ गेली. फोम चांगला असेल तर नुसती खोळ बदला. नवी गादी घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं, आणि या एका गोष्टीसाठी खोळ सुटी मिळेल अशीच गादी घ्यायची.

नवी घेताना वजन. पुरवठादार "४० डेन्सिटी" म्हणतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन, म्हणजे ती काट्यावर तपासता येते. १९८ × ९० × १२.५ सेंटिमीटरच्या गादीचं आकारमान सुमारे ०.२२३ घनमीटर. ४० डेन्सिटी असेल तर खोळीशिवाय वजन ८.९ किलोच्या आसपास भरायला हवं. ३२ असेल तर ७.१ किलो, २८ असेल तर ६.२. खोळ काढा, काट्याला अडकवा, वाचा. नमुन्याची गादी एक आणि पुरवठ्यातली दुसरी, हा खेळ जुना आहे. म्हणून प्रत्येक खेपेतल्या कुठल्याही दोन गाद्या तुम्ही निवडून वजन करणार, हे ऑर्डरमध्येच लिहा. दोन थरांची गादी असेल तर प्रत्येक थराची डेन्सिटी आणि जाडी वेगळी लिहून घ्या. आणि डेन्सिटी म्हणजे मऊपणा नव्हे. डेन्सिटीवरून गादी किती दिवस टिकेल ते कळतं. ती किती दबते हे झोपूनच पाहावं लागतं.

खोळ रेक्झिनची नको. रेक्झिन ताणलं जात नाही, त्यामुळे पेशंट फोमवर न झोपता खोळीच्या झोळीत झोपतो, वर घाम अडकतो. ताणली जाणारी, पाणी अडवणारी पण वाफ सोडणारी पॉलियुरेथेनची खोळ मागा, शिवण उष्णतेने चिकटवलेली, चेनवर झाकण असलेली.

फाउलर बेडची (पाठ आणि गुडघे वर करता येणाऱ्या बेडची) गादी चार तुकड्यांची असेल तर तुकड्यांच्या सांध्यांवर माकडहाड येत नाही ना, ते पेशंटला टेकून बसवून एकदा पाहून घ्या.

५. भाडं की खरेदी

गणित सोपं आहे; आकडे तुमचे घाला. समजा ट्युब्युलर मॅट्रेस पंपासह १२,००० रुपयांना पडते, ३ वर्षं टिकते, आणि नळ्या-दुरुस्तीला वर्षाला १,५०० लागतात. वर्षाचा खर्च ५,५००. भाडं दिवसाला १०० रुपये असेल तर ५५ दिवस. वर्षात ५५ दिवसांहून जास्त लागणारी गादी विकत घ्या, कमी लागणारी भाड्याने आणा.

पायरी २ मधला तक्ता काढा. बहुतेक दिवस ६-७ लागतात, तर ७ विकत घ्या आणि १ किंवा २ पंप जादा ठेवा (गादीपेक्षा पंप आधी जातो). ११ चा दिवस आला की चार भाड्याने. ११ विकत घेऊन ठेवणाऱ्याच्या चार गाद्या घडी घातलेल्या जागीच चिरतात.

महागड्या, वर्षातून दोन-चारदा लागणाऱ्या प्रणाली विकत घेऊच नका. देणगीत मिळत असली तरी आधी देखभालीचा खर्च विचारा. देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेला आणि सुट्या भागावाचून बंद पडलेला बेड कंडेम करणं (निकामी ठरवून काढणं) फार अवघड जातं!

बेडवर पसरायची ओव्हरले गादी घ्यावी की फोमच्या जागी बसणारी पूर्ण हवेची गादी? २००६ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या आधीच्या प्रेशर चाचणीत नव्या जखमांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं: ओव्हरलेवर १०.७ टक्के, पूर्ण गादीवर १०.३. पण ओव्हरलेवरच्या जास्त रुग्णांनी "ही बदला" म्हणून सांगितलं, आणि तिथल्या हिशेबात पूर्ण गादी फायद्याची ठरली. आपल्याकडे आणखी एक बाजू आहे: वीज. ओव्हरलेची हवा गेली तरी खाली फोम असतो. पूर्ण हवेच्या गादीची वीज गेली आणि हवा धरून ठेवणारी झडप नसली तर पेशंट थेट फळीवर. इन्व्हर्टरच्या लाइनवर प्लग नसलेल्या वॉर्डात ओव्हरलेच बरी.

भाड्याच्या करारात या चार ओळी नसतील तर सही करू नका:

- भाडं गादी चालू केल्यापासून, आणि परत न्या असा मेसेज पाठवल्याच्या वेळेपर्यंतच. पुरवठादाराचा टेम्पो चार दिवसांनी आला तर ते चार दिवस त्याचे.
- किमान १५ दिवस किंवा महिना अशी अट नाही.
- बंद पडल्यास ठरावीक तासांत बदली, नाहीतर त्या दिवसाचं भाडं नाही.
- आलेली गादी निर्जंतुक केल्याची लेखी नोंद, चलानावर गादी आणि पंप दोन्हींचे क्रमांक.

६. कोटेशन मागवताना

तपशील आधी तुम्ही लिहा, मग भाव मागा. "एअर मॅट्रेस, १० नग" एवढ्यावर आलेली तीन कोटेशनं तीन वेगळ्या वस्तूंची असतात. किमान एवढं लिहा: बबल की ट्युब्युलर, नळ्या किती आणि किती इंच उंच, नळ्या सुट्या बदलता येतात का, वजनाची मर्यादा, हवा भरण्या-सोडण्याच्या एका आवर्तनाची मिनिटं, सीपीआरच्या (छाती दाबून हृदय चालू करायच्या) वेळी हवा एकदम सोडायची झडप, वॉरंटी गादीला किती आणि पंपाला किती.

मागायची कागदपत्रं: वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली उत्पादकाची किंवा आयातदाराची नोंदणी वा परवाना, जीएसटी क्रमांक, अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र, पाच वर्षांसाठी सुट्या भागांचा भाव, आणि जवळच्या दोन रुग्णालयांच्या खरेदीचे दाखले. दाखला दिलेल्या रुग्णालयात फोन करा, पण खरेदीत नाही, वॉर्डात. पंपाचा रात्री आवाज येतो का ते तिथली सिस्टर सांगेल.

भावांची तुलना जीएसटी धरूनच करा. रुग्णालयाची सेवा बहुतांशी करमुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर तुमचा खर्चच आहे. "अधिक कर" लिहिलेला स्वस्त भाव याच जागी महाग होतो.

मग आठवडाभर नमुना वॉर्डात वापरा. गादी पसरून पंप चालू करा आणि साधारण ७० किलोच्या माणसाला झोपवा. कमरेखाली, हवेची गादी आणि खालचा फोम यांच्यामध्ये तळहात सरकवा. हात आणि शरीर यांच्यात किमान एक इंच हवेचा थर जाणवला पाहिजे. पाठ थेट हाताला टेकली तर ती गादी कामाची नाही, किंवा पंपाची खुंटी चुकीच्या वजनावर आहे. हीच परीक्षा नंतर वॉर्डात रोज एका बेडवर करायला सांगा.

७. बेड

मोटरचे पाच हालचालींचे बेड आयसीयूत लागतात. जनरल वॉर्डात सेमी-फाउलर (फक्त पाठ वर होणारा) किंवा फाउलर पुरतो. सगळीकडे इलेक्ट्रिक घ्यायचा मोह टाळा. वॉरंटीतून काय वगळलंय ते वाचा: चाकं, हँडसेट आणि एबीएस प्लास्टिकचे कठडे बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि तुटतात नेमके तेच. हाताने फिरवायच्या बेडचा स्क्रू तीन महिन्यांनी ग्रीस केला तर हँडल अडकत नाही.

बेड आणि गादी वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घेताना एक मोजमाप चुकतं. बेडच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गादीच्या वरच्या पातळीपासून कठडा किमान २२० मिलिमीटर उंच हवा. १२.५ सेंटिमीटरच्या फोमवर १० सेंटिमीटरची ओव्हरले टाकली की कठडा तेवढाच बुटका होतो, आणि गोंधळलेला पेशंट त्यावरून सहज घसरतो. कठड्याच्या दांड्यांमधली फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी, म्हणजे डोकं अडकत नाही. मोजपट्टी त्यासाठीच यादीत आहे.

८. सांभाळ

एअर मॅट्रेस लवकर मरते ती वापराने नाही, धुण्याने आणि घडीने. कमी तीव्रतेच्या साबणाच्या पाण्याने पुसायची. रक्त सांडलं असेल तरच हायपोक्लोराइट, उत्पादकाने सांगितलेल्या तीव्रतेचं. मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायची. स्पिरिट, फिनाइल आणि अंदाजे ओतलेलं हायपो यांनी खोळ आधी कडक होते, मग चिरते. हवा काढून सैल गुंडाळी करा. चौकोनी घडीत पहिली भेग घडीच्या रेषेवरच पडते.

गादीवर एक सैलसर चादर, बस्स. ब्लँकेट, मेणकापड, ड्रॉ शीट, दोन अंडरपॅड असे थर चढले की खालची हवा असून नसून सारखीच. महागडी प्रणाली भाड्याने आणून तिच्यावर मेणकापड टाकलेलं दिसलं तर त्या दिवसाचं भाडं वाया गेलं म्हणून समजा.

पंपाची नळी बेडच्या सांध्यात दबते. डोक्याकडची बाजू वर केली की चिमटते, हवा बंद. नळी बाहेरच्या बाजूने न्या, कापडी पट्टीने बांधा.

९. बिलात काय लावता येतं

विमा नियामकाच्या २०२० च्या परिपत्रकातल्या, पॉलिसीत न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत "निंबस बेड, वॉटर किंवा एअर बेड" शुल्क होतं. म्हणजे तशी अट असलेल्या पॉलिसीत कॅशलेस पेशंटच्या बिलात "एअर बेड चार्जेस" अशी ओळ टाकली की ती रक्कम कापली जाते आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक काउंटरवर भांडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या पॅकेजमध्ये वेगळी ओळ लावण्याचा प्रश्नच नाही. मग दोन रस्ते उरतात: स्वतःच्या गाद्यांचा खर्च बेड चार्जमध्ये धरायचा, किंवा वेगळं शुल्क लावायचं असेल तर चढवण्याआधी नातेवाईकांना मराठीत लेखी सांगून सही घ्यायची. पहिला रस्ता बरा, कारण त्यात पैशांमुळे कोणी गादी नाकारत नाही.

१०. कंडेम करताना

रक्त किंवा शारीरिक द्रव लागलेली गादी जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे पिवळ्या वर्गात मोडते. भंगारवाल्याला देता येत नाही. कंडेम समितीची सही, रजिस्टरवर लाल शेरा, खोळ मधोमध कापायची आणि सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत वजनाची नोंद करून द्यायची. न कापता ठेवलेली गादी आठ दिवसांत कुठल्या तरी बेडवर परत येते. तुमचं केंद्र वजनावर पैसे घेत असेल तर गाद्यांचा खर्च आधी विचारून ठेवा, ५० गाद्या एकदम बदलताना ती रक्कम डोळ्यांत भरते.

११. दर महिन्याला दोन आकडे, एकाच कागदावर

पहिला: विशेष गाद्यांवरचा खर्च (भाडं, दुरुस्ती, आणि स्वतःच्या गाद्यांचा महिन्याचा वाटा) भागिले पेशंट-दिवस (महिन्याभरातल्या रोजच्या बेड सेन्ससची बेरीज), गुणिले १,०००. दुसरा: भरती झाल्यावर नव्याने झालेले किंवा वाढलेले बेडसोअर भागिले पेशंट-दिवस, गुणिले १,०००. हा दुसरा आकडा एनएबीएचसाठी (रुग्णालयांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या मंडळासाठी) नर्सिंग विभाग मोजत असतोच, मागून घ्या.

पहिला आकडा एकटा व्यवस्थापनाला दाखवू नका. तो खाली आला की "अजून खाली आणा" असा हुकूम येतो. दुसरा शेजारी असेल तर कुठे थांबायचं ते कागदच सांगतो. खर्च उतरला आणि जखमा तेवढ्याच राहिल्या, तर नियम बरोबर बसला. सलग दोन महिने जखमा वाढल्या, तर पायरी ३ मधली रेषा एक-दोन गुणांनी वर सरकवा आणि मेट्रनसोबत त्या पेशंटांचे फॉर्म उघडून बसा. बऱ्याचदा रात्री २ आणि पहाटे ४ च्या कूस बदलण्याच्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच वेळी केलेल्या सह्या सापडतात. मग दुरुस्ती ड्युटीच्या तक्त्यात करायची आहे, खरेदीत नाही.